मंगळवार मंडळाला सुचलेलं

अंबिका येलदीने त्या मंगळवारी भरल्या हॉलमध्ये ‘नाही’ म्हटलं, तेव्हा याही खेपेला तिला ठसका लागला असावा असंच सगळ्यांना वाटलं. शेजारच्या चिलवेरींनी तर पाण्याचा ग्लासही पुढे केला.

“ठसका नाही लागला, सर,” अंबिका म्हणाली. “हे काम मला जमणार नाही, एवढंच सांगतेय. टॉवेलच्या कारखान्यात कुठला माग कधी कुठल्या मालाला लावायचा, ते मला कळतं. दवाखान्यातल्या नर्सांच्या पाळ्या कशा लावायच्या, ते नाही कळत.”

“शिकाल की, मॅडम!” समोरच्या टेबलावरून आवाज आला.

“शिकेन. पण मी शिकेपर्यंत पेशंटांनी काय करायचं?”

याला उत्तर कोणाकडेच नव्हतं. बावीस सल्लागार एका खोलीत असून एकाकडेही उत्तर नाही, असं मंडळाच्या इतिहासात आधी घडलं नव्हतं.

मंगळवार मंडळ म्हणजे सोलापुरातल्या स्वतंत्र व्यवसाय-सल्लागारांचा गट. दर मंगळवारी सकाळी होटगी रोडवरच्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये ही मंडळी जमत, चुरमुऱ्यांची सुशीला खात आणि एकमेकांची उन्नती करत. खरं तर ही जमात केव्हाच नामशेष व्हायला हवी होती. सल्ला देणारी यंत्रं घरोघरी फुकट होऊन आता बरीच वर्षं लोटली होती. म्हशीला काय खाऊ घालावं इथपासून कंपनी कोणाला विकावी इथपर्यंत सगळं यंत्र सांगे, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगे. पण माणसांना एक चमत्कारिक खोड आहे. बरोबर सल्लासुद्धा ओळखीच्या माणसाच्या तोंडून आल्याशिवाय त्यांना पटत नाही. या एका खोडीवर मंडळातले बावीस संसार चालले होते. विकायला त्यांच्याकडे ज्ञान उरलं नव्हतं, ओळख उरली होती.

ही ओळख वाटून घ्यायची त्यांची रीत ठरलेली होती. गाव विणकरांचं, म्हणून कामाच्या ओळखीला ते ‘धागा’ म्हणत. एकेकाने उभं राहायचं आणि दुसऱ्या कोणाला तरी धागा द्यायचा: माझ्या माहितीत अमका आहे, त्याला तमकी अडचण आहे, हे काम मी तुम्हाला देतो. सगळ्यांनी टेबलावर हात आपटायचे. घेणाऱ्याने म्हणायचं, ‘घेतला.’ नियम दोनच. दर आठवड्याला एक तरी धागा द्यायचा, हा छापलेला नियम. आलेला धागा नाकारायचा नाही, हा कुठेच छापलेला नव्हता, त्यामुळे तो अंबिका सोडून सगळे पाळत. कर-सल्लागार चिलवेरींना एकदा पाळीव कुत्र्यांच्या हॉटेलचा धागा आला होता. त्यांनी ‘घेतला’ म्हटलं, घरी जाऊन कुत्र्यांचा अभ्यास केला, आणि एक चावाही घेतला, म्हणजे कुत्र्याने. याला मंडळात व्यावसायिक विकास म्हणत.

बैठक उठल्यावर बसवराज म्हेत्रेंनी अंबिकाला खिडकीपाशी बोलावलं. म्हेत्रेसर मंडळाचे संस्थापक, नेतृत्वाचं प्रशिक्षण देणारे, साठीला टेकलेले गृहस्थ. अंबिकाने मिलमधली नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं, तेव्हा त्यांनीच तिला हाताला धरून शिकवलं होतं. त्यांचा पहिला धडा होता: आधी हो म्हणायचं, मग शिकायचं.

“मॅडम, तुम्ही मला मुलीसारख्या. म्हणून स्पष्ट बोलतो,” असं म्हणून म्हेत्रेसर बराच वेळ अस्पष्ट बोलले. त्यातून एवढं निघालं, की अंबिका घेते त्याहून जास्त धागे नाकारते, त्याने मंडळाची हवा बिघडते, आणि महिनाअखेरीस तिला विश्रांती द्यावी असं काही सभासदांचं म्हणणं आहे.

“म्हणजे मला काढताय?”

“काढतोय असं... तसं नाही म्हणता येणार. विश्रांती.”

मंडळातून विश्रांतीला गेलेला माणूस आजवर ताजातवाना होऊन परत आला नव्हता.

ती जिना उतरू लागली, तेव्हा तिच्या गळ्याजवळचा बिल्ला एकदा हलकेच थरथरला. अलीकडे तो असा उगाच थरथरे.

बिल्ल्यांची कल्पना डॉ. रेहाना नदाफ यांची. त्या मेंदूच्या शास्त्रज्ञ, विद्यापीठात संशोधन करणाऱ्या. वर्षभरापूर्वी त्यांनी मंडळाला बावीस बिल्ले दिले होते, रुपयाएवढे, गळपट्टीला लावायचे.

“आम्ही काय तुमचे उंदीर का?” चिलवेरींनी तेव्हा विचारलं होतं.

“उंदरांवर प्रयोग करायला कागदपत्रं लागतात,” डॉ. नदाफ म्हणाल्या होत्या. “तुम्ही लगेच हो म्हणालात.”

बिल्ला फार हुशार नव्हता. कोण काय बोलतंय ते त्याला कळत नसे. कोण कोणाशी बोललं, आणि त्या बोलण्यानंतर दोघांपैकी कोणी काही हालचाल केली का, एवढंच तो टिपे. फोन लागला, भेट झाली, काम पुढे सरकलं, तर त्या दोघांमधला दुवा तो थोडा बळकट धरी. काहीच झालं नाही, तर दुवा थोडा ढिला सोडी. आणि हॉलमध्ये बळकट दुव्याचा माणूस मोकळा दिसला, की गळ्यापाशी थरथरून सांगे: जा, त्याच्याशी बोल.

बस, एवढंच. पण मेंदूतली पेशीही एवढंच करते. ती शेजारणींचं ऐकते, पुरेसं ऐकलं की स्वतः एकदा ठिणगी टाकते, आणि ज्या शेजारणीबरोबर वारंवार ठिणगी पडते तिच्याशी दोस्ती घट्ट करते. कुठल्याच पेशीला काही समजत नसतं. तरीही त्या सगळ्या मिळून आईचा चेहरा ओळखतात, बिल चुकलं की भांडतात, चांदण्याकडे बघून उसासा टाकतात.

“अहो, मेंदूत अब्जावधी पेशी असतात,” अंबिकाने एकदा शंका काढली होती. “आम्ही बावीस.”

“पेशीच्या डोक्यात काहीच नसतं. तुमच्या डोक्यात थोडंफार तरी असेल,” डॉ. नदाफ म्हणाल्या. “म्हणून बावीस पुरतात का ते बघतेय.”

पुरले. उन्हाळ्यात पहिला नमुना दिसला. चिलवेरींचा एक अशील रंगकाम करणारा. सुताला रंग दिल्यावर उरलेलं जांभळं पाणी कुठे सोडावं हा त्याला घोर. चिलवेरींनी त्याचा धागा ब्रँडिंगवाल्या स्मितल मेंडगुदलेला दिला, जिचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. तिच्याकडून धागा गेला शेंगदाण्याच्या तेलगिरणीच्या सल्लागाराकडे, ज्याच्याकडे टरफलांचे डोंगर पडून होते. तिथून वीटभट्ट्यांच्या सल्लागाराकडे, ज्याच्या एका अशिलाच्या भट्टीची आच रात्रभर फुकट जाई. कोणी काही ठरवलं नव्हतं. ज्याने त्याने बिल्ला थरथरला तिकडे तोंड वळवलं होतं. आणि महिन्याभरात वीटभट्टीच्या आचेवर टरफलांचा कोळसा होऊ लागला, त्या कोळशातून जांभळं पाणी गाळलं जाऊ लागलं, आणि पलीकडून पाणी बाहेर पडलं ते नितळ. रंगकामवाल्याने आपल्या हौदात पहिल्यांदाच स्वतःचा चेहरा पाहिला आणि तो जरा खट्टू झाला.

ही युक्ती कोणाची, यावर मंडळात बरीच चर्चा झाली. ती कोणाचीच नव्हती. बावीस जणांपैकी एकालाही ती सुचली नव्हती. ती मंडळाला सुचली होती.

विश्रांतीचं कळलं त्याच संध्याकाळी अंबिका नवी पेठेतल्या चष्म्याच्या दुकानात जाऊन बसली. दुकान तिच्या नवऱ्याचं, नागनाथचं. तो एका फ्रेमचा स्क्रू पिळत होता.

“काय गं, आज कोणाला नाही म्हणालीस?”

“दवाखान्याला.”

“आणि गेल्या खेपेला?”

“आइस्क्रीमच्या कारखान्याला.”

“आइस्क्रीमला नाही म्हणणारी बाई! हे लग्नाआधी सांगायचं असतं.”

ती हसली नाही. मग त्यानेही स्क्रू खाली ठेवला. सूरतच्या एका मोठ्या कापड कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती. मुलाखत पुढच्या मंगळवारी. पगार भक्कम, खुर्ची फिरती. पण ती गेली, तर ती तिकडे आणि नागनाथ इकडे. कारण दुकान पिशवीत घालून नेता आलं असतं, पण अर्ध्या नवी पेठेचे डोळे त्याला तोंडपाठ होते, ते कसे नेणार? आणि नाही गेली, तर मंडळाबाहेरच्या स्वतंत्र सल्लागाराला सोलापुरात कोणी पाणीही विचारत नव्हतं.

“तुला काय वाटतं, नागनाथ?”

“मी लोकांना जवळचं आणि लांबचं दोन्ही दिसेल अशी सोय करतो. बघायचं काम त्यांचं.”

“हे तू दुकानात बोल. मला नीट सांग.”

“नीट सांगू? जाऊ नको, असं मला वाटतं. पण तू इथे राहून रोज उतरलेलं तोंड घेऊन येणार असशील, तर जा, असंही वाटतं. आता यातलं जवळचं कुठलं आणि लांबचं कुठलं, तूच बघ.”

पुढच्या मंगळवारी ती सूरतला गेली. मुलाखत छान झाली. काय जमतं असं त्यांनी विचारलं, तिने सांगितलं. काय जमत नाही असं विचारलं, तेही तिने सांगितलं, आणि ते ऐकून समोरचे तिघं इतके खूश झाले की त्यांनी तिथेच हात पुढे केला. उत्तर पुढच्या मंगळवारी दुपारपर्यंत द्यायचं ठरलं. बाहेर येऊन तिने फोन चालू केला, तर सगळ्या मंडळाचे निरोप येऊन पडलेले. शेवटचा म्हेत्रेसरांचा होता: ‘मॅडम, आमचं काहीतरी झालंय. सकाळपासून बाळीवेशीत आहोत.’

परतल्यावर ती थेट बाळीवेशीत गेली. सिद्धव्वा बिराजदार ही तिथली कडक भाकरी करणारी बाई. भाकरी इतकी कडक, की परदेशात पाठवली तरी महिनाभर तशीच राही. सिद्धव्वाने कोणाकडे तरी सहज तक्रार केली होती, की भाकरीच्या पुड्याची पिशवी फाटते. त्याचा धागा झाला. मंगळवारी तो धागा पहिल्याने दुसऱ्याला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने पुन्हा पहिल्याला. प्रत्येकाने ‘घेतला’ म्हटलं. बिल्ले थरथरायचे थांबेनात. सुशीला तशीच राहिली, आणि एकवीसच्या एकवीस सल्लागार उठून एका फाटक्या पिशवीच्या मागे बाळीवेशीत पोचले.

सिद्धव्वाने दार आतून लावून घेतलं होतं. अंबिकाने कडी वाजवली.

“कोण ते?”

“मी अंबिका येलदी. मंडळातली सल्लागार.”

“सल्लागार असशील तर माघारी जा बाई! काल एकजण म्हणाला भाकरी गोल नको, एकजण म्हणाला पातळ कर, एक पोरगी म्हणाली भाकरीचं नाव बदला. भाकरीला भाकरी म्हणायचं नाही, मग काय जावई म्हणू? एकाने तर माझी चूलच पूर्वेला फिरवली. मी हिथंच उभी, आन् हा चूल फिरवतोय!”

“अव्वा, मला भाकरीतलं काही कळत नाही.”

मग कडी सरकली.

“ये आत,” सिद्धव्वा म्हणाली. “तू जरा बरी दिसतीस.”

दुसऱ्या दिवशी डॉ. नदाफ यांच्या प्रयोगशाळेत म्हेत्रेसर खुर्चीच्या कडेवर बसले होते. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मंडळाच्या नादात त्यांनी सिद्धव्वाला नेतृत्वाचे सात गुण ऐकवले होते आणि आता त्यांना त्याची लाज वाटत होती.

“फिट आली,” डॉ. नदाफ म्हणाल्या. “मंडळाला फिट आली. दुसरा शब्द नाही.”

त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर मंगळवारचं चित्र लावलं. काळ्या पार्श्वभूमीवर ठिपके, एकेक माणूस म्हणजे एकेक ठिपका. एक उजळला, त्याने दुसरा उजळवला, दुसऱ्याने तिसरा, आणि बघता बघता सगळा पडदा पांढरा होऊन फडफडू लागला. म्हेत्रेसरांनी मान फिरवली.

“मेंदूत साधारण दर पाच पेशींमागे एकीचं काम असतं इतरांना गप्प करायचं,” डॉ. नदाफ सांगू लागल्या. “तिच्याकडे ठिणगी आली, की ती पुढे ठिणगी देत नाही, शांतता देते. ती नसेल तर प्रत्येक पेशी प्रत्येकीला हो म्हणत सुटते. अशा वेळी मेंदू विचार करत नाही, नुसता थरथरतो. विचार म्हणजे काय? आधी बऱ्याचशा गोष्टी गप्प कराव्या लागतात. मग जे उरतं, तो विचार. तुमच्या मंडळात बावीस जणांपैकी गप्प करणारी एकच होती. आणि त्या दिवशी ती सूरतला होती.”

मग त्यांनी त्याआधीच्या मंगळवारचं चित्र लावलं. अंबिकाने आपला ठिपका ओळखला. तो मंद होता, जवळजवळ विझलेला. पण उजेडाची लाट त्याच्यापाशी आली की दुभंगे, वळे, आणि पलीकडे जाताना तिला आकार आलेला असे. कधी फांदीसारखा, कधी नदीच्या मुखासारखा. आपण चारचौघांत ओशाळून ‘मला जमणार नाही’ म्हणत होतो, तेव्हा तिकडे हे घडत होतं? आपला अपमान तिला प्रथमच लांबून दिसत होता, आणि लांबून तो सुंदर होता.

“तुम्ही एकट्या चार-पाच जणांचं काम करत होतात,” डॉ. नदाफ म्हणाल्या. “दमला असाल.”

“आणि आम्ही हिला विश्रांती देत होतो,” म्हेत्रेसर पुटपुटले. मग एकदम म्हणाले, “मॅडम, माझं चुकलं. विश्रांती वगैरे काही नाही. पण ही फिट परत आली तर?”

“येणार. कारण मंडळाला काहीतरी सुचतंय.” डॉ. नदाफनी ठिपके पुन्हा हलवले. “गेले सहा-सात मंगळवार सुरुवात एकाच आकाराने होते. हा बघा. दर वेळी तो थोडा पुढे जातो आणि मोडतो. होकारांचा एवढा गोंगाट सावरायला एकटी व्यक्ती पुरत नाही.”

“काय सुचतंय?” अंबिकाने विचारलं.

“पेशीला कसं कळणार, मेंदू कसला विचार करतोय ते?” मग जरा हळू, “मलाही नाही कळत. पण सुचतंय खरं.”

तिघंही बराच वेळ त्या अर्धवट आकाराकडे बघत राहिले. झोपेत ओठ हलवणाऱ्या लहान मुलाकडे बघावं, तसे.

त्याच आठवड्यात अंबिकाने मंडळासाठी एक कार्यशाळा घेतली. विषय: ‘नाही’ म्हणणे. सगळे आले, कारण कोणालाही येणार नाही म्हणता आलं नाही. जोड्या लावल्या, एकाने धागा द्यायचा, दुसऱ्याने नाकारायचा. चिलवेरींनी पहिल्याच प्रयत्नात तिघांची कामं अंगावर घेतली. स्मितल मेंडगुदले छान ठसक्यात ‘नाही’ म्हणे आणि मग समोरच्याचा चेहरा बघून ‘बरं, आण इकडे’ म्हणे. म्हेत्रेसरांचं तर ओठांपर्यंत येऊन अडत होतं.

“मला हे काम... म्हणजे, बघू. नाही असं नाही, पण...”

“सर, नुसतं नाही म्हणा.”

“तीस वर्षं लोकांना हो म्हणायला शिकवलं हो मी!” त्यांच्या कपाळावर घाम होता. “नाही म्हटलं, तर उद्या मला कोण विचारेल?”

ते बोलून गेले आणि सगळे आपापल्या कागदांत बघू लागले. कारण ती भीती एकट्या म्हेत्रेसरांची नव्हती. ती मंडळाची होती. रोज सकाळी त्या भीतीला नेकटाय बांधूनच सगळे घराबाहेर पडत.

“मी गेली चार वर्षं नाही म्हणतेय, सर,” अंबिका म्हणाली. “आणि आज तुम्ही सगळे मला विचारायला आलाय.”

म्हेत्रेसरांनी डोळे मिटले. “नाही,” ते म्हणाले. मग डोळे उघडून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. छत जागेवर होतं.

मंगळवार उजाडला. सूरतला दुपारपर्यंत उत्तर द्यायचं होतं आणि अंबिकाचं काहीच ठरलं नव्हतं. डॉ. नदाफ पडदा घेऊन कोपऱ्यात बसल्या. धागे सुरू झाले.

पहिला धागा चिलवेरींकडे गेला. ते उभे राहिले, लाल झाले आणि म्हणाले, “मला जमणार नाही.” टेबलावर हात आपटायची सवय सगळ्यांना, त्यामुळे नकारावरही हात आपटले गेले. स्मितलने एक नाकारला आणि तो नाकारूनच ठेवला. म्हेत्रेसरांनी एक नाकारला. पडद्यावर उजेडाची लाट उठे, फुटे, शमे, पुन्हा उठे. हॉलमध्ये आज कधी नव्हती अशी निवांत जागा होती. बोलण्यांच्या मधे शांतता येत होती आणि कोणालाही ती बुजवायची घाई नव्हती.

“तो आकार,” डॉ. नदाफ पुटपुटल्या. “आज मोडत नाहीये.”

तेवढ्यात चिलवेरी पुन्हा उठले. “मी एक धागा येलदी मॅडमना देतो. सूरतमधले चार लहान मागवाले आहेत. पगारी माणूस नको, त्यांना स्वतंत्र सल्लागारच हवाय, मागांचं नियोजन करणारा.”

अंबिका काही बोलणार, तोवर स्मितल उठली. “मीही येलदी मॅडमना. माझ्या मावसभावाच्या ओळखीत सूरतला चष्म्याचं दुकान निघतंय विकायला, गिऱ्हाइकांसकट. मला आत्ताच आठवलं.”

मग तेलगिरणीवाला उठला. त्याच्या माहितीत सूरतला एक घर रिकामं होतं, दुकानापासून चालत. वीटभट्टीवाला उठला. त्याची एक चुलती त्याच गल्लीत राहायची आणि नव्या बिऱ्हाडाला पहिला महिनाभर जेवण द्यायची तिला हौस होती. एकामागून एक सगळे उठत होते. कोणाच्याही आवाजात घाई नव्हती. प्रत्येकाकडे एकच तुकडा होता, आणि प्रत्येक तुकडा आधीच्याला कापडासारखा जोडला जात होता. काम, दुकान, घर, जेवण. तिची चारही कोडी सुटली होती. नागनाथसुद्धा पिशवीत मावला होता.

“तो पत्ता,” कोपऱ्यातून आवाज आला. डॉ. नदाफ उभ्या राहिल्या होत्या. “त्या घराचा पत्ता पुन्हा सांगा.”

तेलगिरणीवाल्याने सांगितला.

“त्या इमारतीच्या तळमजल्यावर सूरतच्या सल्लागारांचं मंडळ भरतं,” त्या म्हणाल्या. “बिल्ल्यांचा दुसरा संच मी त्यांना दिलाय. तुलनेसाठी. प्रयोग बिघडू नये म्हणून मी हे कोणाला, अगदी कोणालाच सांगितलं नव्हतं.”

डॉक्टरबाईंचं कराचं काम चिलवेरींकडे, त्यांना बाईंचे सूरतचे प्रवासखर्च आठवले. स्मितलला मावसभावाने फोनवर सांगितलेल्या ‘तुमच्यासारख्याच बिल्ल्याची’ आठवण झाली. वीटभट्टीवाल्याच्या चुलतीने तळमजल्यावरच्या मंगळवारच्या गर्दीची तक्रार केली होती. प्रत्येकाला एक कण माहीत होता आणि त्या कणाचं पुढे काय झालं ते एकालाही माहीत नव्हतं. माहीत होतं ते मंडळाला.

“त्याला कळलंय,” डॉ. नदाफ म्हणाल्या, “की जगात त्याच्यासारखं अजून एक आहे. त्याला भेटायचंय.”

अंबिकाला हसू आलं आणि डोळेही भरले. ओळख करून घ्यायला जमलेल्या माणसांचं मन ते. पुरतं जागं झाल्यावर त्याला दुसरं काय हवं असणार? आणि त्या एवढ्या मोठ्या एकट्या जिवाने आपला पहिला धागा काढला होता: अंबिका येलदी. त्याने तिचं भलंही मनापासून पाहिलं होतं. नकाराला जागाच ठेवली नव्हती.

तिने नागनाथला आठवलं, स्क्रू खाली ठेवणारा. मिलमधली ती वर्षं आठवली, जेव्हा वरून कोणीतरी तिला या खात्यातून त्या खात्यात लावत असे, दर वेळी तिच्या भल्यासाठीच.

ती उभी राहिली.

“नाही,” ती म्हणाली. “मी आयुष्यभर माग मालाला लावले. मला कोणी कुठे लावायचं नाही. इतक्या मायेनेसुद्धा नाही. मी सूरतला जाणार नाही. तुमच्या धाग्यानेही नाही आणि त्या नोकरीनेही नाही.”

बिल्ले गप्प होते. पडद्यावर तिच्या ठिपक्याभोवती अंधार पसरत गेला, आजवर कधी पसरला नव्हता एवढा, पार कडेपर्यंत. डॉ. नदाफनी तोंडावर हात ठेवला. मेलं की काय, असं सगळ्यांच्याच मनात आलं.

मग कडेला एक ठिपका उजळला. म्हेत्रेसर उभे राहत होते. आपण का उभं राहतोय हे त्यांना कळत नसल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“मग,” ते थांबत थांबत म्हणाले, “तुम्हाला काय वाटतं, मॅडम? काय करावं?”

बावीस सल्लागारांच्या त्या हॉलमध्ये हा प्रश्न आजवर कोणी कोणाला विचारला नव्हता. तिथे सगळे सांगायला येत. अंबिकाला कळलं, की हे म्हेत्रेसर विचारत नाहीत. निदान एकटे म्हेत्रेसर नाहीत.

तिने विचार केला. घाई केली नाही, आणि कोणी तिला घाई केलीही नाही.

“त्यांनाच इकडे बोलवा की,” ती म्हणाली. “एकीने कशाला जायचं? सगळ्यांनीच या म्हणावं.”

साधीच गोष्ट. पण ती कोणाला सुचली नव्हती. मंडळालाही नाही.

पडद्यावर तिचा तो मंद ठिपका उजळला. आपण आत्ताच बोललेलं वाक्य चिलवेरींच्या ठिपक्यात शिरताना तिला दिसलं, तिथून स्मितलच्या, तिथून दोन वाटांनी पुढे. ते सगळ्यांमधून सावकाश फिरत होतं. आपल्या मनात आलेली गोष्ट आता दुसऱ्या, फार मोठ्या मनात येत होती, आणि तिथे ती कशी दिसत असेल, किती मोठी, कुठल्या रंगाची, हे तिला कधीच कळणार नव्हतं. तिने टेबलाची कड घट्ट धरली.

हॉलमध्ये कोणीतरी खोल श्वास घेतला. अंबिकाने वळून पाहिलं, तर तो सगळ्यांनी मिळून घेतला होता.